मेरूच्या उत्तरेला

१९ नोव्हेंबर १९९६

चाळीस गळे एकदम. दुपारी डोळा लागला आणि तोच आवाज. पत्र्याखालचा सातवीचा वर्ग, बाहेर हायवेवर ट्रकची घरघर, आत पोरं हेल काढून म्हणताहेत,

ओब निघाली, येनिसी निघाली, लेना निघाली उत्तरेला,
तिघींचे सासर एकच बाई

इथं मी हात वर करून थांबायचो. मग सगळा वर्ग, खिडक्यांच्या काचा वाजेपर्यंत,

दार तयाचे गोठलेले.

पुस्तकात सैबेरिया पाऊण पानात उरकलेला. पोरांच्या डोक्यात राहावा म्हणून ही ओवी मीच जुळवली. भूगोल माझ्याकडे, कविताही माझ्याकडे. दोन्हींची सरमिसळ व्हायचीच. तपासणीला आलेले साहेब हसले होते, नद्यांना सासर कसलं म्हणून. म्हटलं, साहेब, जन्मतात दक्षिणेला, जातात उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रात. उन्हाळा लागला की उगमाकडचं पाणी आधी सुटतं, तोंडाशी मात्र बर्फ तसाच. मग दोन्ही काठ बुडवत बसतात. याला सासर नाही तर काय म्हणायचं.

त्या चाळीस गळ्यांत एक श्रीधरचा. बापाच्या वर्गात बसायचा म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा.

जागा झालो तर समोर भिंतीवर नकाशा. शाळेनं टाकून दिलेला. "तो देश आता नाही सर, ठेवून काय करायचं," म्हणाले. घरी आणून टांगला. देश नसला तरी नद्या आहेत.

२४ नोव्हेंबर

हणमंत आला पलूसहून. सुनेचा थोरला भाऊ. लष्करातून हवालदार होऊन निवृत्त, आता ऊस. भाऊबीजेला आला तेव्हा गप्प होता. आज मुद्दाम आलेला. चहा निवू दिला तेव्हाच कळलं.

"आवं पाव्हणं, रागावू नका. पाच वर्सं झाली. चार वर्सं चिठ्ठी न्हाई. सुनंदाचं काय करायचं?"

म्हटलं, श्रीधर आहे तिकडं टपालाचं खरं नसतं. लेना नदीवर पूल नाही. हिवाळ्यात गाड्या बर्फावरून जातात, उन्हाळ्यात नावा. मधले काही आठवडे दोन्ही बंद. पलीकडचा माणूस पलीकडंच.

"तसले काई आटवडे धरलं तरी चार वर्सं हुत न्हाईत."

मग हळू आवाजात, सौ. आत आहे हे बघून, "मी तीन हिवाळं बरफात काडलेत. नकाशात न्हाई, पायानं. आमच्यातला एक जन पहाऱ्याला गेला, आलाच न्हाई. बरफ मानूस परत देत न्हाई. ठिवून घेतो."

एक स्थळ आहे म्हणाला. तासगावचा, बिजवर, कारखान्यावर काट्यावरचा कारकून, चार वर्षांची मुलगी. माणूस सरळ. फक्त त्याच्या आईची अट. जिवंत नवऱ्याची बायको घरात नको. आधी श्रीधरचे विधी व्हावेत. देह मिळाला नाही तर पळसाचा पुतळा करून जाळतात, तो.

मी उठून नळाला पाणी आलंय का बघायला गेलो. आलं नव्हतं.

३ डिसें.

थंडी. सौ.नं लोकर काढली. दर हिवाळ्याला एक स्वेटर, त्याच्या मापाचा. पेटीत चार झालेत, हा पाचवा. माप जुनंच.

"जाड झाला असंल का वाळला असंल?" तिनं विचारलं.

म्हटलं, तिकडचे लोक घोड्याचं मांस खातात, चरबी लागतेच. यावर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

त्याच्या पत्रांतलं पाठ आहे सगळं. बाजारात दूध विकतात ते पोत्यातून, गोठलेल्या वड्या, वर काडी खोचलेली. मासे फळीला उभे लावून ठेवतात, सरपणासारखे. घरं खांबांवर, कारण घराच्या उबेनं खालची जमीन विरघळली तर घर कलतं. याकूत लोकांची घोडी बर्फ खुरानं उकरून गवत काढतात. जूनमध्ये घोडीचं आंबवलेलं दूध पिऊन उगवत्या सूर्याला हात करतात, हात धरून फेर धरतात, गाणारा एक आणि बाकीचे त्याच्या मागून. "आबा, तुमच्या वर्गासारखंच," असं लिहिलेलं.

एक गोष्ट सौ.ला वाचून दाखवली नव्हती. तिथं माणूस पुरायचा तर आधी जमिनीवर जाळ करून ती मऊ करावी लागते. आणि एकदा पुरला की त्या मातीत काही कुजत नाही. पुराणकाळचे हत्ती केसांसकट निघतात. तो भूगर्भाचा माणूस, त्याला त्याचं कौतुक.

११ डिसें.

कराडला वकिलाकडे. सोडचिठ्ठी मिळेल म्हणाला, पण नोटीस बजावायला पत्ता लागेल. दिला. वाचून हसला बिचारा, मग सावरला. "सर, यातला देशच..." वाक्य अर्ध्यावर सोडलं.

येताना एस.टी.त उभा. ऊस भरलेल्या बैलगाड्या रस्ताभर. एका मुलानं जागा दिली, माझा विद्यार्थी निघाला. "सर, अजून येते मला, ओब निघाली." म्हणून दाखवली. शेवटची ओळ मी म्हणावी म्हणून थांबला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

२० डिसें.

आज सुनंदाशी बोललो. सौ. देवळात गेली होती. सु. भाकरी थापत होती, मी उंबऱ्यात बसलो. लग्न होऊन एक महिना नांदली त्याच्याबरोबर. उन्हाळ्यात लग्न, पावसाळ्यात तो याकूत्स्कला नोकरीवर गेला, कागद करून तुला नेतो म्हणाला. हिवाळ्यात तिकडं देश मोडला. तेव्हापासून बालवाडीत शिकवते, आमची दुखणी काढते.

तुझ्या मनात काय आहे, विचारलं.

थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आबा, मला त्येंचं तोंड आठवंना झालंय. फोटोतलं आठवतं. पर ते फोटोचं. हसताना कसं व्हायचं ते गेलं."

तासगावचं?

"ती पोर मी बघितलीया. जत्रंत. माज्या पदराला धरून हुबी ऱ्हायली, आई समजून. सोडंच ना."

भाकरी करपली. तिनं कधी करपू दिली नव्हती.

"पर मी हो म्हननार न्हाई, आबा. मी हो म्हनले तर जलमभर वाटंल मीच मारलं त्यास्नी. तुमी बाप हाय. तुमी म्हना. काय असंल ते तुमी म्हना."

२ जानेवारी १९९७

काही म्हटलेलं नाही अजून.

सकाळी धुकं. नदीवर फिरायला गेलो. तारळी कृष्णेला मिळते तिथं पाणी वाफाळत होतं. याकूत्स्कलाही हिवाळाभर असं धुकं असतं, पत्रात होतं. माणसांच्या श्वासाचं, गाड्यांच्या धुराचं, तिथंच लटकून राहतं. समोरून येणारा माणूस अंगावर येईपर्यंत दिसत नाही. उभा राहिलो थोडा वेळ. समोरून म्हैस आली.

१५ जाने.

काल संक्रांत. सौ. आणि सु. दोघी हळदीकुंकवाला गेल्या. पाच घरं करून यायच्या त्या दोन घरांतच परत. सौ. चपला काढता काढता फडाफडा बोलली. एका घरी वाण सगळ्यांना दिलं, सुनंदापाशी येऊन हात थांबला म्हणे. घरातल्या म्हातारीनं तोंडानं विचारलं, "हिला लावायचं का न्हाई, बाई? आमाला काय म्हाईत."

"मग काय केलं?"

"मी म्हनले लावा की. लावलं. पर ते लावलेलं काय कुंकू हुतं?"

सु. परसात. बादलीत पाणी सोडल्याचा आवाज बराच वेळ. बादली कधीच भरली असणार.

पाच वर्षं ही पोर ना सवाष्ण धड, ना विधवा धड. नकाशात हद्द आखलेली नसली की तो मुलूख ठिपक्याठिपक्यांनी दाखवतात. वर्गात सांगायचो, ठिपके म्हणजे अजून ठरलेलं नाही. पोरं विचारायची, मग तिथं राहणाऱ्यांनी काय करायचं सर.

१९ जाने.

हणमंतला सांगावा धाडला होता. आला. सौ.ला समोर बसवलं, सु.लाही.

म्हटलं, "करू या."

तोंडातून एवढंच निघालं. सौ. माझ्याकडे अशी बघत होती की मी परका माणूस. मग उठली, अपुरा स्वेटर घेतला आणि विणायला बसली. हणमंत मान खाली घालून, "पाव्हणं, लय मोटं काम केलं तुमी." म्हटलं, गप रे बाबा.

सु.नं वाकून नमस्कार केला. पायाला तिचा हात लागला तो गार.

२६ जाने.

गुरुजींकडे गेलो, वाईला. ओळखीचे, माझ्याच वयाचे. त्यांना कवितेचा नाद, म्हणून मैत्री. झेंडावंदनाची गाणी लाऊडस्पीकरवर चाललेली, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं, असल्या विषयावर.

तिथी माहीत नाही, म्हणून अमावास्या. ७ फेब्रुवारी. डोक्याच्या जागी नारळ. बाकी देह पळसाच्या पानांचा, देठांचा, दर्भानं बांधलेला.

मग ते अडले. "सर, तो होता कुठं नेमका?"

सांगितलं. बोटानं पाटावर नकाशा काढून दाखवला. हिमालय, त्यापुढं वाळवंट, त्यापुढं आल्ताई, त्यापुढं लेना.

"म्हणजे मेरूच्या पलीकडं," ते म्हणाले. "आपला संकल्प सगळा मेरूच्या दक्षिणेचा. आजवर इथून, नाहीतर काशीहून, नाहीतर सरहद्दीवरून गेलेल्यांचं केलं. सगळे अलीकडचे. पलीकडच्या माणसाचं कधी करायची वेळ आली नाही."

पलीकडं काय आहे म्हणतात तुमची पुराणं?

"उत्तरकुरू. सहा महिने रात्र. तिथं माणसं लवकर मरत नाहीत म्हणतात." हे बोलून त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "संकल्प आपण करणाऱ्याच्या जागेचा म्हणू. तुम्ही दक्षिणेचे. तेवढं पुरेल."

निघताना विचारायचं नव्हतं, विचारलं. विधी झाल्यावर तो आला तर?

"त्याचीही सोय आहे. तुपाच्या मोठ्या भांड्यात बसवायचा. बाहेर काढून न्हाऊ घालायचा, तान्ह्या मुलासारखा. बारसं करायचं. मुंज करायची. मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं."

आणि तोवर तिचं दुसरीकडं झालं असलं तर?

गुरुजींनी पंचांग उघडलं. त्यात ते नसतं हे दोघांनाही माहीत होतं.

५ फेब्रु.

हणमंत आणि मी पळस आणायला, उंब्रजच्या वरच्या माळावर. पानगळ सुरू झालीय, झाडावर राहिलेली पानं जुनी, भोकं पडलेली. हणमंत चांगली निवडून घेत होता. "ही नको, फाटकी हाय." मी म्हटलं, घे रे, चालतं. "न्हाई पाव्हणं. त्येचं अंग व्हायचं हाय."

येताना वाटेत तो अचानक बोलला. त्याच्या त्या पहाऱ्यावर गेलेल्या गड्याचं असंच केलं होतं गावाकडं. पेटीत दगड भरून नेली होती लष्करानं, घरच्यांना उघडू दिली नाही. "मीच नेली हुती. आई म्हनली जड हाय माजं पोरगं. मी म्हनलो व्हय."



७ फेब्रु. अमावास्या

झालं.

लिहिणार नव्हतो. पण लिहितो.

संगमावर. पुतळा केळीच्या पानावर मांडला. मी समजत होतो पाला दिसेल. पाला दिसला नाही. गुरुजींनी खांदे केले, गुडघे केले. तो लहानपणी पोटदुखीनं निजायचा तशीच एक कूस आली होती, कुणी मुद्दाम न करता.

बायका नदीवर येत नाहीत आमच्यात. सौ. आली. कुणी अडवलं नाही. पिशवीतून पाचवा स्वेटर काढला. गुरुजी म्हणाले, वहिनी, लोकर... आणि पुढचं गिळलं. मी आणि हणमंतनं तो घातला. पानांचे हात बाहीत जाईनात, मोडायला लागले. हणमंतनं एकेक देठ सरळ करत घातले, जखमी माणसाला घालतात तसे. सौ.नं नारळाला कानटोपी घातली. नाडी बांधली.

मग जरा लांब उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "वरचं बटन लावा."

मी लावलं.

लोकर आधी पेटली. वास अजून अंगाला आहे, दोनदा आंघोळ करूनही.

घरी आलो तर शेजारच्या दोघी तिघी सुनंदाभोवती, बांगड्या फोडायला पाटा मांडलेला. सौ.नं पाटा उचलून बाहेर ठेवला. "फोडायच्या न्हाईत. ती काडून ठिवंल." सु.नं एकेक काढल्या. मंगळसूत्र काढून सौ.च्या हातात दिलं. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा या घरात कुणी मोठ्यानं रडलं.

८ फेब्रु.

नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला. भिंतीवर चौकोन राहिलाय, पांढरा.

१७ फेब्रु.

सुतक फिटलं. तासगावचे पाहुणे आले. मुलगा काळा, कमी बोलतो, मला आवडला. त्याची आई मात्र भिंतीकडं, पेटीकडं, दाराकडं बघत होती, अजून कुणी निघतंय का कुठून असं. १६ मार्च ठरला, रविवार, इथंच, दारात चार माणसांत. मीच म्हटलं इथून. लेक म्हणून लावून देऊ.

ती छोटी आली होती बरोबर. सुनंदाच्या मांडीवर जाऊन बसली, जागा ठरलेली असल्यासारखी. सु.चं तोंड फुललं. या घरात ते मी पाच वर्षांत बघितलं नव्हतं.

निजताना सौ. म्हणाली, "बरं केलं तुमी." थोड्या वेळानं, "आता हिवाळ्यात हात रिकामं ऱ्हातील माजं."

२७ फेब्रु.

सु.साठी हिरवी साडी, हिरवा चुडा. हणमंतनं सांगलीहून आणला. तिनं अजून भरला नाही, डब्यात ठेवलाय. दिवसातून एकदा डबा उघडून बघते.

मला झोप बरी लागते. हे लिहायला लाज वाटते, पण लागते. ठिपक्यांच्या जागी रेघ ओढली गेली.

२ मार्च, रविवार. दुपार

हणमंत जीप घेऊन कराडला गेलाय, तिथल्या एका डॉक्टरांना आणायला. ते शिकायला त्या मोडलेल्या देशात होते, तिकडची भाषा येते. बसून राहवत नाही म्हणून लिहितो.

जेवणं होत आली होती. हणमंत मांडवाचे वासे घेऊन आलेला. दारात स्टँडवरचा चहावाला. "सर, ह्या बाई तुमचं नाव घेत्यात. मुंबईच्या गाडीनं उतरल्या. बाकी काय कळंना."

त्याच्या मागं ती. बुटकी, रुंद तोंडाची, गालाची हाडं वर, डोळे बारीक. उन्हानं लाल झालेली. खांद्याला रेघारेघांची दोन अवजड बोचकी, तिकडचे लोक हल्ली माल घ्यायला मुंबईला येतात म्हणे, तशी. वय सांगता येत नाही. चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं, याकूत लोक असे असे दिसतात. एकही पाहिला नव्हता. माझ्या उंबऱ्यात उभी.

"उंब्रस," ती म्हणाली, म्हणजे उंब्रज. "मास्तर." बोट माझ्याकडं.

मी मान हलवली.

तिनं बोचकी खाली ठेवली. डोक्याचा रुमाल काढला. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले, शाळेतल्यासारखे, आणि हेल काढून, प्रत्येक शब्द वाकडा पण चाल नेमकी, सूतभर चूक नाही,

"ओब निगाली, येनिसी निगाली, लेना निगाली उत्तरेला, तिगींचे सासर एकच बाई"

आणि थांबली. मी थांबायचो तिथं. हातही वर केला.

ही ओळ कुठं छापलेली नाही.

मग आतून, चुलीपासून, जिनं कधी माझ्या वर्गात पाऊल टाकलं नाही ती सौ. म्हणाली,

"दार तयाचे गोठलेले."

बाईचे डोळे भरले. भरले ते आनंदानं की कशानं, आम्हाला कसं कळणार. श्रीधर, मी म्हटलं. श्रीधर? ती भराभरा बोलायला लागली, बरंच बोलली, मधे दोनदा त्याचं नाव आलं, "श्रीदर." मी माळ्यावरून नकाशा ओढून काढला, जमिनीवर पसरला. तिनं गुडघे टेकले. याकूत्स्क सापडलं तिला, तिथं बोट ठेवलं, मग बोट लेनाच्या प्रवाहाबरोबर वर वर, म्हणजे उत्तरेला, समुद्राकडं, गावांची नावं संपतात तिथंही पुढं. एका जागी थांबलं. तिथं काही छापलेलं नाही. बोट तिनं उचललं नाही.

पाच वर्षं मी त्या नकाशात बघत होतो. तिथवर माझी नजर कधी गेली नव्हती.

सुनंदा चुड्याचा डबा हातात तसाच धरून मागं उभी होती. ती पुढं आली, बाईच्या समोर बसली, तिचा हात धरला.

"हायत का न्हाईत, एवडंच सांगा, बाई. म्या कुनाला काय म्हननार न्हाई. हायत का न्हाईत?"

बाईला कळलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं सुनंदाच्या रिकाम्या मनगटावरून बोट फिरवलं, मग डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

सौ.नं तिच्यासाठी ताट वाढलंय. ती जेवते आहे, बोटांनी, शिकवल्यासारखी नीट. भात कालवायची ती पद्धत मला माहीत आहे, श्रीधरची.

जीप वळणावर आली. हणमंतचा हॉर्न.